मेल 'पाठवला' म्हणजे गेला का? फोनमध्ये अडकलेल्या मेलबद्दल थोडं सविस्तर



गेल्या बंदीत आपल्याच एका घरात घडलेली गोष्ट आधी सांगतो. वहिनींना विचारूनच लिहितोय, नाव मात्र देत नाही.

आपल्याकडे मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, हे सांगायला नको. त्या काळासाठी बचत-मदत योजना आहे. मच्छीमाराचे 1,500 आणि केंद्र-राज्य मिळून 3,000, असे 4,500 रुपये. रक्कम मोठी नाही, पण डोंगा काठाला बांधलेला असताना तेवढ्यावर किराणा निघतो. वहिनींनी कागद जमवले: दोघांचं आधार, पासबुकाचं पहिलं पान, सभासद कार्ड, एक फोटो. शेवटच्या तारखेला रात्री साडेदहाला पाचही फोटो मेलला जोडले, पत्ता टाकला, बाण दाबला. स्क्रीनवरून मेल नाहीसा झाला. झालं काम.

नऊ दिवसांनी भाऊ विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "तुमच्या नावाचं काही आलेलं नाही." वहिनी फोन घेऊन संस्थेत आल्या. "पाठवला न भाऊ, तो बाणच दाबला मी. माझ्यासमोर गेला." आम्ही फोन हातात घेतला, जीमेलमध्ये डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबल्या, खाली 'आउटबॉक्स' उघडलं. मेल तिथेच बसलेला. पाचही फोटोंसकट, नऊ दिवस.

पुढच्या यादीत नाव लागलं, पण पैसे आले तेव्हा बंदी उठून डोंगे पाण्यात गेले होते. मधले दिवस भाऊंनी बांधकामावर काढले.

तेव्हापासून आम्ही जो येईल त्याचा फोन बघतो, आणि असे मेल बऱ्याच जणांच्या फोनमध्ये सापडले. भंडारा-गोंदियाकडचे आपले नातेवाईकही हे पान वाचतात. आपण भोपाळवाले निदान सायकल काढून कार्यालयात हातोहात कागद देऊ शकतो, त्यांना तेही जमत नाही. म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

मेल कुठे अडकतो

मासळीची पेटी काठावरून निघते, टेम्पोत चढते, मंडीत उतरते. मंडीत पोचली नाही तर आपण आधी काय विचारतो? काठावरच राहिली की टेम्पोत? मेलचंही तसंच. पहिला मुक्काम तुमचा फोन, दुसरा मेल कंपनीचा सर्व्हर, तिसरा समोरच्याचा सर्व्हर. बाण दाबणं म्हणजे पेटी काठावर आणून ठेवणं. टेम्पो आला की नाही हे वेगळं बघावं लागतं.

ते बघायचं कसं? तीन रेघा दाबा. 'ड्राफ्ट्स'मध्ये असेल तर मेल पाठवलाच गेलेला नाही. कधी कधी पाठवल्यावर खाली काही सेकंद 'अनडू' येतं, त्यावर अंगठा पडतो आणि मेल परत ड्राफ्टमध्ये येतो. 'आउटबॉक्स'मध्ये असेल, 'क्यूड' किंवा मराठी फोनवर 'रांगेत' असं दिसत असेल, तर तो फोनमध्येच आहे. 'सेंट' किंवा 'पाठवलेले' यात असेल तरच फोनच्या बाहेर पडला.

हा फरक नुसता यंत्राचा नाही, कायद्याचाही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच्या कलम 13 नुसार, दोन्ही बाजूंत वेगळं काही ठरलेलं नसेल, तर मेल 'रवाना' झाला असं तेव्हा धरतात जेव्हा तो पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरतो. आणि समोरच्याने एखादा पत्ता ठरवून दिलेला असेल, तर त्या पत्त्याच्या यंत्रणेत मेल शिरला की तो 'मिळाला'. मग त्यांनी उघडो न उघडो. म्हणजे आउटबॉक्समधला मेल हा कायद्यानेही न पाठवलेला मेल. "मी तर वेळेत बाण दाबला होता" याला किंमत नाही. उलट, सेंटमध्ये तारीख-वेळेसह मेल असेल आणि परतीचा कुठलाही निरोप आला नसेल, तर मान वर करून बोलता येतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

व्हॉट्सॲप जातंय, मग मेल का नाही?

हा प्रश्न दहातले आठ जण विचारतात. नेट तर चालू आहे ना!

चालू आहे, पण किती? रोजचा डेटा संपला की बहुतेक पॅकमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. ते किलोबिट आहेत, म्हणजे सेकंदाला फक्त 8 किलोबाइट. वहिनींच्या पाच फोटोंचं वजन होतं साधारण 17 एमबी. 17,000 भागिले 8 करा, 2,100 सेकंद होतात. सगळं सुरळीत चाललं तरी पस्तीस मिनिटं, तीही मध्ये एकदाही न तुटता. व्हॉट्सॲप फोटो पाठवण्याआधी पिळून बारीक करतं, चार एमबीचा फोटो काहीशे केबीवर आणतं, म्हणून ते सटकतं. मेल फोटो जसाच्या तसा उचलतो.

वहिनींनी रात्री साडेदहाला, दिवसभराचा डेटा संपल्यावर, मेल टाकला होता. दोन मिनिटांत फोन बंद करून उशाशी ठेवला. वर फोनमध्ये बॅटरी वाचवायची सोय कायमची चालू. ही सोय काय करते, तर मागे चालणारी ॲप झोपवते. बाराला नवीन डेटा आला, पण जीमेलला उठवणारं कोणी नव्हतं. आणि मेल आपण रोज उघडतो कुठे?

तर मेल अडकलेला दिसला की आधी हे बघा. फोनवर ब्राउझरमध्ये एखादं नवीन पान उघडतं का, ते तपासा. व्हॉट्सॲपवरून अंदाज बांधू नका. विमानाचं चिन्ह तर चालू नाही ना? बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर दोन्ही बंद करा. सेटिंगमध्ये ॲप, मग जीमेल, मग मोबाइल डेटा, तिथे मागे डेटा वापरायची परवानगी द्या. जीमेलच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये तुमच्या खात्यावर जाऊन 'सिंक जीमेल' याला खूण आहे का पाहा, ती निघालेली असेल तर ॲप सर्व्हरशी बोलत नाही. मग जीमेल उघडं ठेवा, स्क्रीन चालू ठेवा, आणि मेल सेंटमध्ये गेलेला डोळ्यांनी दिसेपर्यंत थांबा.

मोठ्या तलावाच्या पश्चिमेला, कोलांस नदीकडच्या अंगाला जे जाळी टाकतात, त्यांना तिथल्या रेंजचं आम्ही काय सांगायचं. पाण्यावरून कागद पाठवूच नका. घरी या, किंवा संस्थेचं वायफाय आहे.

एक साधी चाचणी आहे. स्वतःलाच एक रिकामा मेल पाठवा, काहीही न जोडता, नुसतं 'टेस्ट' लिहून. तो पोचला तर नेट ठीक, खातं ठीक. दोष जोडलेल्या फायलींमध्ये आहे. तोही अडकला तर दोष फोनमध्ये किंवा खात्यात. या एका चाचणीने अर्धं डोकं शांत होतं.

फोनची तारीख-वेळ चुकलेली असली तरी मेल जात नाही, हे फार कमी जणांना माहीत आहे. फोन सर्व्हरची ओळख पटवून घेतो ती एका प्रमाणपत्रावर, आणि त्याला मुदत असते. तुमच्या फोनमध्ये 2019 साल असेल तर त्याला आजचं प्रमाणपत्र खोटं वाटतं. पाण्यात पडून वाळवलेल्या, बॅटरी बदललेल्या फोनमध्ये हे होतं, आणि आपल्याकडे पाण्यात न पडलेला फोन शोधावा लागेल. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा.

हे मात्र करू नका

मेल अडकला की कोणीतरी हुशार पोरगा सांगतो, "काका, ॲपचा डेटा क्लिअर करा." थांबा. 'क्लिअर कॅशे' चालतं. 'क्लिअर डेटा' केलं, खातं काढून पुन्हा टाकलं किंवा ॲपच काढून टाकलं, तर आउटबॉक्समधला मेल गेलाच समजा. तो फक्त फोनमध्ये होता, सर्व्हरवर पोचलाच नव्हता, मग परत येणार कुठून? आधी तो मेल आउटबॉक्समधून उघडून पाठवणं रद्द करा, तो ड्राफ्ट्समध्ये येईल. तिथून मजकूर कॉपी करून ठेवा. मग बाकीचे उद्योग.

दुसरं त्याहून गंभीर. घाबरून काही जण गूगलवर 'जीमेल कस्टमर केअर नंबर' शोधतात. फुकटच्या जीमेलसाठी असा फोन उचलणारा कोणी नसतो. जो उचलतो तो चोर असतो. तो गोड बोलून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतो, मग ओटीपी, मग खातं साफ. कोणाच्या बाबतीत झालंच तर लगेच 1930 वर फोन करा, हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर कराल तितकी पैसे मध्येच थांबवले जाण्याची आशा जास्त. लाजून दोन दिवस घालवू नका.

जागा भरली

चाचणीचा रिकामा मेलसुद्धा जात नसेल तर खात्याची जागा बघा. गूगल प्रत्येक खात्याला 15 जीबी फुकट देतं. पण ती जागा एकट्या मेलची नाही, ड्राइव्ह आणि फोटो त्यातच. पूर्वी फोटो बारीक करून ठेवले तर मोजत नसत, 1 जून 2021 पासून तेही मोजतात. आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप, जो आधी हिशेबात नव्हता, तो 2024 पासून यात धरतात. म्हणजे रोज सकाळी येणारे फुलांचे आणि देवाचे व्हिडिओ तुमच्या मेलच्या जागेत जाऊन बसतात. जागा भरली की मेल जातही नाही आणि येतही नाही. कार्यालयाने 'कागद अपुरे आहेत' असं कळवलं तरी ते तुम्हाला मिळणार नाही, हा त्यातला खरा धोका.

उपाय सोपा आहे. जीमेलमध्ये वर उजवीकडे स्वतःच्या फोटोवर बोट ठेवा, किती जागा भरली ते तिथेच दिसतं. त्यावर दाबलं की मोठ्या फायली काढायची सोय येते. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये जाऊन 'व्हिडिओ' वगळा. काढलेल्या गोष्टी आधी 'बिन'मध्ये जातात आणि तिथेही जागा खातात, म्हणून शेवटी बिन रिकामा करायला विसरू नका. जागा विकत घ्या असा निरोप येतो, घाई करू नका. आम्ही आतापर्यंत ज्यांची जागा मोकळी करून दिली त्यांच्यापैकी कोणालाही पैसे भरावे लागले नाहीत.

फोटो नको, स्कॅन

जीमेलमधून एका मेलबरोबर 25 एमबीपर्यंत फायली जातात. पण समोरच्याची मर्यादा वेगळी असू शकते, कुठे 10, कुठे 20. त्यात एक गंमत आहे. मेल मुळात नुसत्या अक्षरांसाठी बनलेला. त्यामुळे फोटो असो की पीडीएफ, वाटेत तो अक्षरांत बदलून जातो आणि वजन साधारण एक तृतीयांशाने वाढतं. तुमची 8 एमबीची फाईल त्यांच्या दारात 10 च्या वर जाते आणि परत फिरते. बर्फासकट वजन करावं, तसं हे.

म्हणून कागदाचा फोटो काढून जोडण्यापेक्षा स्कॅन करा. ड्राइव्ह ॲप बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये असतंच. त्यात अधिकचं चिन्ह दाबून 'स्कॅन' घ्या, पासबुक उजेडात सपाट ठेवा, कडा तो आपोआप कापतो, पाचही पानं एकाच पीडीएफमध्ये बसवतो. वहिनींचे तेच पाच कागद आम्ही असे केले तर सगळे मिळून 2 एमबीच्या आत बसले, आणि खाते क्रमांक फोटोपेक्षा स्वच्छ वाचता आला. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो उतरवून मेलला जोडू नका, त्यात आकडे पुसट होतात. 3 आणि 8 मधली चूक बँकेत किती महागात पडते हे ज्याचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेलेत त्याला विचारा.

आधार डाउनलोड केलेलं असेल तर त्या पीडीएफला कुलूप असतं. मेल पोचतो, पण समोरच्याला फाईल उघडत नाही आणि तो ती बाजूला टाकतो. कुलपाची किल्ली म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल. त्यापेक्षा शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड' आधार चालतं का ते विचारा, आणि तेच उघडून, प्रिंट काढून, स्कॅन करून पाठवा.

परत आलेला मेल

मेल सेंटमध्ये आहे, पण थोड्या वेळात इंग्रजीत एक निरोप येतो, पाठवणारा 'मेल डिलिव्हरी सबसिस्टम' किंवा 'मेलर डेमन'. लोक ही जाहिरात समजून पुसतात. अहो, ती तुमचीच परत आलेली पेटी आहे! तो निरोप वाचायचा. इंग्रजी येत नसेल तरी त्यात तीन आकडी नंबर शोधा. 1982 साली मेलचे जे नियम ठरले, त्यातले हे नंबर आजही चालतात. 4 ने सुरू होणारा नंबर म्हणजे तात्पुरती अडचण, समोरचा सर्व्हर व्यस्त आहे वगैरे. जीमेल स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, तुम्ही दहा वेळा पाठवू नका. 5 ने सुरू होणारा म्हणजे ठाम नकार, तुम्ही काही बदलल्याशिवाय जाणार नाही. 550 बहुतेक वेळा पत्ता चुकलेला, 552 म्हणजे फाईल जड किंवा समोरची पेटी भरलेली.

पत्त्याच्या चुका नेहमीच्याच. 'कॉम'च्या जागी 'कॉन'. सरकारी पत्त्यात 'जीओव्ही डॉट इन' की 'एनआयसी डॉट इन', यात गोंधळ. दोन शब्दांमध्ये टिंब की आडवी रेघ. फोनचा कीबोर्ड शब्द पुरा करताना शेवटी रिकामी जागा सोडतो, तीही कधी कधी नडते. पत्ता कोणाच्या तोंडून ऐकून टाइप करू नका, कागदावर छापलेला किंवा त्यांच्याकडून आधी आलेला मेल असेल तर त्यालाच 'रिप्लाय' करा.

आणि विषयाची ओळ रिकामी, मजकूर कोरा, नुसत्या पाच फायली, असा मेल सर्व्हरला कचरा वाटतो. तो परतही येत नाही, त्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतो. विषयात सभासदाचं नाव, संस्थेचं नाव, कशाचे कागद हे लिहा. खाली दोन ओळी आणि फोन नंबर. शेवटची ओळ अशी: 'मेल मिळाल्याचे कृपया कळवावे.' 'सीसी'मध्ये स्वतःचा पत्ता टाका, प्रत तुमच्याकडे परत आली की फोनच्या बाहेर पडला याची खात्री. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करा, आवक क्रमांक मागा.

काही नावमालकांकडे जीमेल नाही, दुसऱ्या कंपनीचं खातं फोनच्या साध्या मेल ॲपमध्ये जोडलेलं आहे. तिथे 'पासवर्ड चुकीचा' असं येतं आणि पासवर्ड तर बरोबर असतो. बऱ्याच कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या ॲपला आत घेणं बंद केलंय. जीमेलने मे 2022 मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या घरगुती खात्यांनी सप्टेंबर 2024 मध्ये. त्या कंपनीचं स्वतःचं ॲप टाका, बहुतेक वेळा तिथेच प्रश्न मिटतो. जाणाऱ्या सर्व्हरच्या रकान्यात पोर्ट 25 असेल तर 587 किंवा 465 करून बघा. याच्या पुढे गेलं तर संस्थेत या.

वहिनींचा फोन आता ठीक आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी जाळ्यांच्या अर्जाचे कागद पाठवले, आणि लगेच आम्हाला सेंटचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर टाकला. खाली लिहिलं होतं, "गेला. पाहून घेतला."

बंदी लागायच्या आधी कागद नीट करून ठेवायचे असतील तर फोन घेऊन संध्याकाळी पाचनंतर संस्थेत या. चार्जर सोबत आणा, आणि जीमेलचा पासवर्ड घरून आठवून या. तो मात्र आम्हाला काढून देता येत नाही.